दहा मिनिटं कुणीच थांबलं नाही

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, चष्म्याचा नंबर वाढलेला आणि रक्तदाबाची गोळी चालू असताना, मी सहा आठवडे वीस वर्षांची मुलगी होतो. हौस म्हणून नव्हे. महाविद्यालयाच्या हितासाठी.

ही हकीकत मी कुणाला सांगू नये असं बायकोचं मत आहे, आणि प्राचार्यांच्या मते ती घडलेलीच नाही. पण शिक्षकांच्या खोलीत मी शिरलो की बोलणी थांबतात आणि कुणीतरी घाईघाईनं पंख्याकडे बघायला लागतं. लोक मीठमसाला लावून सांगणारच असतील, तर अळणी का होईना, खरी हकीकत माझ्याच तोंडून गेलेली बरी.

सुरुवात प्राचार्यांनी केली. मूल्यांकन समिती दोन महिन्यांवर आली होती आणि तिच्या तक्त्यात 'आंतरराष्ट्रीय उपक्रम' असा एक रकाना होता. मागच्या खेपेला त्या रकान्यात आम्ही 'ग्रंथालयात जगाचा मोठा नकाशा आहे' असं लिहिलं होतं. समितीनं शून्य गुण दिले, आणि नकाशा जुना असल्याचा शेराही मारला. तेव्हापासून प्राचार्यांना नीट जेवण जात नव्हतं. मग ते कुठल्याशा परिसंवादाला गेले आणि तिथून चेहरा उजळून परत आले. दोन देशांतली मुलं आपापल्या खोलीत बसून, संगणकावरून, एकत्र एक प्रकल्प करतात. विमान नको, व्हिसा नको. मुलांचा आत्मविश्वास वाढतो, नजर रुंदावते, परक्या माणसाशी बोलायची भीड चेपते.

"फायदेच फायदे आहेत हो याचे," प्राचार्य म्हणाले. "अडचण एकच. कुणीतरी ते करावं लागतं."

एवढं बोलून त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली. इतर सगळे विभागप्रमुख एकाएकी वहीत काहीतरी लिहायला लागले. माझ्याकडे नेमकं पेन नव्हतं. "तुमचं संख्याशास्त्र बरं," ते मला म्हणाले, "आकड्यांना भाषा लागत नाही." हे वाक्य किती चुकीचं होतं ते कळायला मला सहा आठवडे लागले.

दूरच्या एका देशातल्या महाविद्यालयानं आमच्याशी जोडी जमवायला होकार दिला. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना. तेव्हा दोघांनाही सारखीच परकी असलेली इंग्रजी मध्ये घ्यायचं ठरलं. त्यांचा होकाराचा ईमेल मी छापून हेडक्लार्ककडे नेला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"पाकीट कुठंय?"

"ईमेल आहे. पाकीट नसतं."

"परदेशी पत्र आहे ना? मग पाकिटाशिवाय आवक क्रमांक कसा देऊ? उद्या कुणी विचारलं, हे आलं कुठून, तर?"

शेवटी एक कोरं पाकीट आणून त्यात तो कागद घातला, पाकिटावर मीच माझा पत्ता लिहिला, ते फोडलं, आणि मग ईमेलची रीतसर आवक झाली. पुढं परवानगीच्या अर्जात 'प्रस्थान' आणि 'आगमन' असे दोन रकाने होते, कारण आंतरराष्ट्रीय उपक्रमासाठी तोच एक छापील नमुना होता. दोन्हीकडे मी 'खोली क्रमांक सात' असं लिहिलं. हेडक्लार्कनी त्यावर 'प्रवास अल्प' असा शेरा मारून कागद पुढं सरकवला.

प्रकल्प मात्र मी खरोखर विचार करून निवडला होता. हे एक तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. दोन्हीकडच्या मुलांनी आपल्या शहरातल्या एका बसथांब्यावर जाऊन साठ माणसांना एकच प्रश्न विचारायचा: तुम्ही किती मिनिटांपासून थांबला आहात? मग उत्तरं एकमेकांना पाठवायची, ताडून बघायची, आणि दोघांनी मिळून निष्कर्ष काढायचा. मुलांच्या बारा जोड्या लावल्या. तिकडच्या प्राध्यापिका, त्यांना मी नुसतं बाई म्हणतो, पडद्यावर पहिल्या दिवशी पाच मिनिटं दिसल्या. पांढरे केस, करडी नजर. माझ्याशी त्या इतक्या अदबीनं बोलल्या की मी बसल्या जागी टायची गाठ सारखी केली.

प्राचार्यांनी एक नियम घातला. महाविद्यालयाच्या अब्रूचा प्रश्न आहे, तेव्हा मुलांचे सगळे संदेश विभागप्रमुखांच्या नजरेखालून, विभागप्रमुखांच्या खात्यावरूनच जातील. नियम तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी अकरा जोड्यांनी आपापले फोन नंबर एकमेकांना दिले आणि त्या माझ्या नजरेखालून कायमच्या निसटल्या. राहिली एकच मुलगी. सांगितलेलं ऐकणारी.

तिला वर्गात सगळे हळूबाई म्हणत. नाव मीच ठेवलं होतं. हजेरीला ती 'हजर' म्हणायची ते इतकं हळू, की शेजारची मुलगी उठून "ती हजर म्हणाली, सर" असं कळवायची. एकदा मी म्हटलं, "काय हळूबाई, दूत पाठवलात?" वर्ग खदखदून हसला आणि नाव चिकटलं. त्या विनोदाबद्दल मी स्वतःवर खूश होतो, हेही लिहून ठेवतो.

हळूबाईनं पहिलं पत्र आणून दिलं. चार ओळी. 'मी बरी आहे. माझे बाबा बस चालवतात. आमच्या थांब्याला छप्पर आहे पण गळते. तुमच्या थांब्याला आहे का?' अशा अर्थाचं इंग्रजी, आणि त्यात चुका सहा. ते हातात घेऊन मी घरी आलो आणि जिन्यातच वरच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. हे निवृत्त विमा अधिकारी. मुलीकडे तीन महिने परदेशी राहून आले, तेव्हापासून सगळ्या इमारतीचे परराष्ट्रमंत्री झाले आहेत.

"छप्पर गळतं म्हणून लिहिताय?" ते हादरलेच. "अहो, घरची लक्तरं कुणी अशी टांगतं का? तिकडची रीत ऐका. आधी हवेबद्दल बोलायचं. अडचणीचं काही निघालं की पुन्हा हवेबद्दल बोलायचं. हवा चांगली आहे म्हटलं की समोरचा समजतो, की हा विषय इथं संपला."

मी पत्र 'थोडं सुधारलं'. छप्पर काढलं, गळती काढली, बस चालवणारे बाबा 'वाहतूक क्षेत्रात' नेले, आणि सुरुवातीला हवेवर पाच ओळी घातल्या. शेवटी हळूबाईच्या पत्रातलं खाली उरलं ते तिचं नाव.

चार दिवसांनी उत्तर आलं, आणि काय ते इंग्रजी! एकेक वाक्य इस्त्री केलेलं. तिकडची ती वीस वर्षांची मुलगी सूर्यप्रकाशावर असं लिहीत होती की मला माझ्या पाच ओळींची लाज वाटली. आता या पत्राला हळूबाई काय उत्तर देणार? 'मी बरी आहे'? मी शब्दकोश काढला, चहा मागवला आणि बसलो. माझं उत्तर गेल्यावर तिचं त्याहून सरस आलं. मग माझं त्याहून. अशी आमची चढाओढ लागली. मी हळूबाईला चरित्रग्रंथांची आवड लावली, पहाटे फिरायला पाठवलं, एकान्तप्रिय केलं.

"अहो," बायको एकदा माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाली, "ही तिकडची मुलगी लिहिते की तीन मजले चढून वर्गात जाताना गुडघे दुखतात. वीस वर्षांची ना?"

"तिकडच्या तरुण पिढीची हाडं ठिसूळ असतात. हवेमुळे."

"आणि तुम्ही तिला काय लिहिलंय? 'दोन पट्ट्यांचा गुडघपट्टा वापर, जिना उतरताना बाजूनं उतर.' तुमची हळूबाईही वीसच वर्षांची ना? तिला हे कुठून माहीत?"

माझी बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि तिचं बोलणंही तिथल्या सुईसारखंच असतं. बारीक, आणि नेमकं शिरेवर. "हे बघा," ती म्हणाली, "बाटलीवर नाव एकीचं आणि आत रक्त दुसऱ्याचं. आमच्याकडे असं केलं तर त्याच दिवशी नोकरी जाते."

"शिक्षणक्षेत्र वेगळं आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

नियमाप्रमाणे प्रत्येक पत्राची एक प्रत मी हळूबाईला फायलीसाठी देत असे. ती उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचायची. एकदा तिनं विचारलं, "सर, यातलं मी काय लिहिलंय?"

"भावना तुझ्या, शब्द माझे," मी तिला समजावलं. तिनं प्रत घडी घालून वहीत ठेवली. तिला पटलं असं मी गृहीत धरलं. न बोलणाऱ्या माणसाबद्दल काहीही गृहीत धरता येतं, ही मोठी सोय आहे.

हे सगळं इथंच थांबलं असतं तर मी ते एक निरुपद्रवी खूळ म्हणून पोटात घातलं असतं. पण तिसऱ्या आठवड्यात तिकडून कळवण्यात आलं, की त्यांच्याकडे उन्हाळ्यात चार आठवड्यांचा अभ्यासवर्ग असतो आणि त्यात आमच्या एका विद्यार्थ्याला जागा मिळेल. येण्याजाण्याचं, राहण्याचं सगळं ते बघणार. निवड बाई करणार, पत्रव्यवहार आणि प्रकल्प बघून. मी सूचना फळ्यावर लावली आणि त्याच दुपारी हळूबाई शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तीन वर्षांत ती त्या दारापर्यंत कधी आली नव्हती.

"सर, मला जायचंय."

ते मला पहिल्या खेपेला ऐकू आलं. त्यावरूनच समजलो, की हिला किती मनापासून जायचंय.

"पत्रव्यवहारावर निवड आहे," मी म्हणालो, "आणि तुझा पत्रव्यवहार तर एक नंबर आहे."

"सर, म्हणूनच म्हणते. इथून पुढं माझं मी लिहू का?"

आता खरं तर मी हो म्हणायला हवं होतं. पण ऐन मोक्याला चरित्रग्रंथवाली मुलगी एकदम 'मी बरी आहे' लिहायला लागली तर? सगळं बिंग फुटणार, जागा जाणार. मी हे तिच्यासाठीच करतोय, असं मी तिला सांगितलं आणि ते मला स्वतःलाही पटलं. तिनं मान हलवली. तिची ती हललेली मान मला अजून दिसते.

चौथ्या आठवड्यात आकडे आले. आधी तिकडचे. काय आकडे होते! सात, तेरा, अकरा, सतरा, आठ, एकोणीस. तिकडच्या माणसाला विचारा, तो मिनिटाला मिनिट सांगतो. नेमकेपणा म्हणतात तो हा, असं मी मनात म्हटलं आणि मोठ्या आशेनं हळूबाईची वही उघडली. तीन दुपारी उन्हात थांब्यावर उभं राहून तिनं साठ माणसांना विचारलं होतं. दहा. दहा. पाच. दहा. पंधरा. दहा. 'लई वेळ झाला.' दहा. 'एक आजी, घड्याळ नाही.' वीस. दहा.

"हे काय?" मी म्हणालो. "सगळे दहाच मिनिटं कसे थांबतील?"

"सर, बाबा म्हणतात, कुणालाही विचारा, दहा मिनिटंच म्हणतो. बस दोन मिनिटांत आली तरी."

बाबांचं मत हे संख्याशास्त्र नव्हे, असं मी हसून म्हणालो. पोरीचा बाप अठ्ठावीस वर्षं बस चालवतोय आणि मी महिन्यातून एकदा बसनं जातो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. असली ओबडधोबड माहिती परदेशी पाठवून आपल्या लोकांचं हसं करायचं? मी घरी बसून ते साठ आकडे 'नेमके' केले. बारा, सात, सोळा, नऊ, चौदा. ज्या आजींकडे घड्याळ नव्हतं त्यांना अकरा मिनिटं दिली.

आणि आता लाजेची कमाल सांगतो. याच वर्गाला, याच फळ्यावर, पहिल्या सत्रात मी एक आख्खा तास शिकवला होता. विषय होता 'घरी बसून बनवलेले आकडे कसे ओळखावेत'. खऱ्या माणसाला अंदाज विचारला की तो पाच, दहा, पंधरा असं सांगतो. आकडे बनवणारा मात्र पाच आणि दहा मुद्दाम टाळतो, कारण त्याला ते खोटे वाटतात. म्हणून दहा जिथं अजिबात नाही तिथं लबाडी आहे असं समजावं. माझा तो तास फार रंगला होता. मुलं लिहून घेत होती. मीच तेवढा लिहून घ्यायचा राहिलो.

पाचव्या आठवड्यात तिकडच्या मुलीनं विचारलं, की तुझे शिक्षक कसे आहेत. इथं तरी मी थांबायला हवं होतं. पण माणसाला आपल्याबद्दल चांगलं लिहायची संधी अशी किती वेळा येते? 'आमचे सर फार विद्वान आहेत,' मी लिहिलं. 'त्यांच्या कडक बोलण्यामागे एक हळवं मन आहे. वर्गात त्यांचा विनोद ऐकून आम्ही पोट धरधरून हसतो. त्यांची योग्यता वरिष्ठांना अजून कळलेली नाही.' उलट टपाली तिच्या बाईंचं वर्णन आलं. त्याही विद्वान होत्या, हळव्या होत्या, आणि वरिष्ठांना कळलेल्या नव्हत्या. मला त्या अनोळखी बाईंबद्दल अपार सहानुभूती वाटली.

सादरीकरणाचा दिवस आला. खोली क्रमांक सातमध्ये मोठा पडदा लावला होता, समोर मूल्यांकन समितीचे तिघे, बाजूला प्राचार्य, आणि दाराशी आपलं रजिस्टर घेऊन हेडक्लार्क. पडद्यावर एका चौकटीत बाई आणि त्यांच्या शेजारी लांब वेणीची एक किरकोळ मुलगी, मान खाली घालून बसलेली. अकरा जोड्यांनी फोनवरून कधीच आटपलेलं काम झटपट दाखवलं. शेवटी, खास राखून ठेवलेली, आमची जोडी. मी संगणकाशी बसलो होतो. हळूबाई माईकपाशी उभी राहिली. तिनं काय म्हणायचं ते दोन पानं मी लिहून दिलं होतं.

तिनं पानं टेबलावर पालथी ठेवली.

"हे एकशे वीस आकडे आहेत," ती इंग्रजीत म्हणाली. तिचं ते इंग्रजी खडबडीत होतं, पण माईकमधून शब्द न शब्द कळत होता. "दोन देश. एकशे वीस माणसं. त्यात दहा मिनिटं असं कुणीच म्हटलं नाही. एकानंही नाही. आमच्या सरांनी शिकवलं आहे, असं असलं की आकडे घरी बनवलेले असतात."

माझा हात आपोआप माउसकडे गेला. तिचा माईक बंद करायचं बटण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात होतं. मी बाण तिकडे नेऊ लागलो, आणि मध्यावर आल्यावर मला आठवलं, की माझ्या संगणकावर जे दिसतं ते मोठ्या पडद्यावरही दिसतं. समिती बघत होती. प्राचार्य बघत होते. दूर देशातल्या बाई बघत होत्या. हाताएवढा पांढरा बाण मुलीचा आवाज बंद करायला निघालेला, आणि वाटेत थिजलेला. हळूबाईनंही वळून तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उलट बोललो असतो. मी माउसवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

"खरे आकडे हे आहेत," ती म्हणाली आणि तिनं वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. दहा. दहा. पाच. दहा. घड्याळ नसलेल्या आजींसकट.

पडद्यावरच्या वेणीवाल्या मुलीनं मान वर केली. ती बाईंना काही न विचारता उठली, चौकटीबाहेर गेली, आणि एक चुरगळलेला कागद घेऊन परत आली. तो तिनं कॅमेऱ्यासमोर धरला. अक्षर वेगळं, लिपी वेगळी, पण आकडे कळत होते. दहा. पाच. दहा. दहा. पंधरा. दहा.

दोन्ही कागद एकाच पडद्यावर शेजारी शेजारी होते.

"म्हणजे दोन्हीकडे माणूस सारखाच," हळूबाई म्हणाली. "कंटाळा आला की दहा मिनिटं. हा आमचा निष्कर्ष."

अख्ख्या प्रकल्पात एवढाच निष्कर्ष निघाला, आणि तो मी दोन आठवडे दाबून ठेवला होता.

समितीचे अध्यक्ष सावरून बसले. "मुली, तुमची पत्रं मात्र सुरेख आहेत," ते म्हणाले. "त्यातलं शिक्षकांविषयीचं जरा वाचून दाखव पाहू."

"ती पत्रं माझी नाहीत," ती म्हणाली. एवढं बोलताना मात्र तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा हळू झाला. तिला ठाऊक होतं, की या वाक्याबरोबर उन्हाळ्यातली जागाही चालली.

"मग कुणाची?"

तिनं माझं नाव घेतलं नाही. ती खाली बघत उभी राहिली. कोडगा माणूसही तिथं उठला असता, आणि मी तितकासा कोडगा नाही.

"माझी," मी उठून म्हणालो. "पत्रं माझी आहेत. आकडेही माझेच. तिनं मला तिसऱ्याच आठवड्यात विचारलं होतं, माझं मी लिहू का. मी लिहू दिलं नाही."

मग पडद्यावरून बाईंनी घसा साफ केला. त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता.

"इकडची पत्रंही," त्या म्हणाल्या, "हिची नाहीत."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. सहा आठवड्यांतलं एकेक वाक्य दोघांच्याही डोक्यातून एकाच वेळी जात होतं, हे स्पष्ट दिसत होतं. सूर्यप्रकाश. पहाटेचं फिरणं. विद्वान. हळवं मन. वरिष्ठांना न कळलेली योग्यता. तेवढ्यात प्राचार्यांनी पुढ्यातल्या फायलीतलं शिक्षकांविषयीचं ते पत्र उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. आपण वरिष्ठ आहोत हे त्यांना दुसऱ्याच ओळीला कळलं.

"गुडघ्याचा पट्टा," बाईंनी हळूच विचारलं, "तुम्ही सुचवला होता?"

"हो."

"उपयोग झाला," त्या म्हणाल्या. "आभारी आहे."

समितीनं आम्हाला त्या रकान्यात किती गुण दिले ते मी सांगत नाही. नकाशापेक्षा जास्त मिळाले, ते त्या दोन कागदांमुळे. मला प्राचार्यांनी खोलीत बोलावून पाऊण तास उभं केलं. हेडक्लार्कनी सगळ्या पत्रांवर 'लेखक: विभागप्रमुख' असा शिक्का मारून ती पुन्हा आवक केली, पाकिटासकट. शेजाऱ्यांनी जिन्यात गाठून हवेबद्दल विचारलं. घरी बायकोनं नुसतं पान वाढलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि हळूबाई? दुसऱ्या दिवशी तिला बोलावून मी माफी मागायला तोंड उघडलं. तेवीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्याची माफी मागायचा सराव नव्हता. 'असं बघ' आणि 'म्हणजे काय झालं' यांच्यापुढं गाडी सरकेना. तीच म्हणाली, "सर, तुम्ही लिहिलेली मी फार हुशार होते. मला ती आवडायची. पण ती गेली असती तिकडे, मी नसते गेले."

माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी चष्मा पुसला. नंतर चुकून पालथाच घातला.

आठवड्यानं बाईंचं रीतसर पत्र आलं. जुना पत्रव्यवहार बाद. जागेसाठी विद्यार्थिनीनं स्वतः नव्यानं एक पत्र लिहावं, मदतीशिवाय, आणि विभागप्रमुखांनी त्यावर 'हे तिचं स्वतःचं आहे' म्हणून सही करावी. वेणीवाल्या मुलीनंही तसंच एक पत्र आमच्याकडे पाठवायचं होतं. हळूबाई पत्र घेऊन आली. अर्धं पान होतं. मी सवयीनं खिशातलं लाल पेन काढलं.

"सर, वाचायचं नाही," ती म्हणाली. "फक्त सही."

तिनं डाव्या हाताचा पंजा मजकुरावर आडवा ठेवला होता. खालची रेघ तेवढी मोकळी. मी वाचल्याशिवाय धोब्याच्या पावतीवरही सही करत नाही. मी लाल पेन खिशात घातलं, निळं मागून घेतलं आणि सही केली. सही करताना तिच्या दोन बोटांच्या फटीतून तिसऱ्या ओळीचे पहिले दोन शब्द मला दिसले. 'आमचे सर'. पुढं बोट होतं.

तिची निवड झाली. हजेरीला आता मी तिचं पूर्ण नाव घेतो, आणि 'हजर' मला टेबलापर्यंत ऐकू येतं. शेजारच्या मुलीला उठावं लागत नाही. उन्हाळ्यात ती तिकडे गेली, आणि वेणीवालीबरोबर तिथल्या बसथांब्यावर उभी असलेला फोटो तिनं वर्गाला पाठवला. तिथलं छप्परही गळतं म्हणे.

मला मात्र चैन पडेना. आमचे सर काय? विद्वान आहेत? लबाड आहेत? नुसते आहेत? तिला विचारायचं तोंड मला नव्हतं. महिनाभर धीर धरला आणि शेवटी, लाज गुंडाळून ठेवून, बाईंना माझ्या स्वतःच्या नावानं, माझं पहिलंवहिलं पत्र लिहिलं. गुडघ्यांची चौकशी केली, आणि जाता जाता, सहज म्हणून विचारलं, की त्या पत्राच्या तिसऱ्या ओळीत तिनं माझ्याविषयी नेमकं काय लिहिलं होतं.

बाईंचं उत्तर लगेच आलं. एकच ओळ होती.

'इकडे हवा चांगली आहे.'